एकच लाँच, दोन पार्क: एस्सेलवर्ल्ड बंद पडलं आणि वॉटर किंगडम तरलं ते का?

२०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी रडारड सुरू झाली ती बघून मला खरं सांगतो हसू आलं. बालपण संपलं, मुंबईची शान गेली, आता पोरांना न्यायचं कुठे वगैरे वगैरे. मी आपला एक साधा प्रश्न टाकला, की बाबांनो शाळेच्या पिकनिकनंतर परत एकदा तरी कोण गेलेलं तिकडे? तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच नावं आली. मग विचारलं, बरं, वॉटर किंगडमला? ढीगभर. कॉलेजच्या गँगबरोबर, ऑफिसवाल्यांबरोबर, लग्नानंतर, पोरं झाल्यावर, सासरची मंडळी आली तेव्हा. आणि गंमत बघा, वॉटर किंगडम चालूच राहिलं.

तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात घोळतंय, कारण असं तुलना करायला मिळणं दुर्मिळ असतं. दोन्ही पार्क एकाच ग्रुपची, गोराईला एकाच आवारात एकमेकांना खेटून, दोन्ही मिळून साधारण ६४ एकर. जायची लाँच, म्हणजे खाडी ओलांडणारी बोट, तीच, खाडी तीच, पाऊस तोच, सरकार तेच, टॅक्स तोच. एक १९८९ चं, दुसरं १९९८ चं. एक मेलं, दुसरं जगलं. म्हणजे "मुंबईत पार्क चालतच नाही", "लोकांना मॉल आणि मोबाईल लागतो", "सरकारने मारलं" ही जी नेहमीची उत्तरं आहेत ती इथे निम्मीच लागू पडतात. मॉलमुळे मेलं असेल तर बाजूचं का नाही मेलं?

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे हा धंदा अमेरिकेतून आला असं आपण म्हणतो पण पाळण्याची सवय आपल्याला जत्रेने लावली. आकाशपाळणा, मौत का कुवाँ, ड्रॅगनची गाडी. जत्रेच्या धंद्याचं गणित एकदम सोपं असतं, पाळणेवाला गावोगाव फिरतो. आज या देवाची यात्रा, आठ दिवसांनी त्या देवीची. पाळणा वर्षानुवर्षं तोच, खडखडतो तसाच, पण समोरची माणसं दर वेळी नवीन, आणि त्याच गावात परत येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं, पोरं पाळणा विसरलेली असतात. नवीन काही आणायची गरजच नाही. जत्रा गिऱ्हाईकाकडे जाते. पार्क मात्र एका जागी बसतं आणि म्हणतं या माझ्याकडे, आणि परत या.

हे परत या प्रकरण अमेरिकेत कसं जमलं तर तिकडची जुनी पार्क बरीचशी ट्रामच्या कंपन्यांनी काढलेली. आठवडाभर ऑफिसवाले, कामगार ट्राम भरून जायचे आणि रविवारी ट्राम रिकाम्या पळायच्या, म्हणून लाईनच्या शेवटच्या स्टॉपवर पिकनिकची जागा, बँडस्टँड, मग पाळणे, मग लाकडी रोलर कोस्टर. पिट्सबर्गजवळचं केनीवूड १८९८ मध्ये असंच सुरू झालं आणि ते अजून चालू आहे. तिथे पार्क ही ट्रामची जोडधंद्याची गोष्ट होती, माणूस पार्कात पोचणं हाच मूळ धंदा. १९५५ मध्ये डिस्नीलँड आलं आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं पण बहुतेक देशांत पोट भरणारी पार्क अशी प्रादेशिकच असतात, आजूबाजूच्या दोन-तीन तासांच्या परिघातल्या लोकांवर जगणारी. परदेशातून विमानाने कोणी येत नाही. त्याच घरांनी परत परत यायचं, एवढंच इंधन.

आता गोराई. ज्यांनी नकाशा कधी बघितला नाही त्यांच्यासाठी, गोराई-मनोरी-उत्तन हा मुंबईच्या वायव्येचा पट्टा, याला धारावी बेट म्हणतात (ती धारावी नाही). कोळी, ईस्ट इंडियन, शेती-वाडीवाली गावं. बोरिवली समोर दिसते पण मध्ये खाडी. रस्त्याने जायचं तर भाईंदरवरून मोठा वळसा. म्हणून एस्सेलवर्ल्डला लोक जायचे ते बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून नाहीतर मालाडच्या मार्वेवरून लाँचने. ऐंशीच्या दशकात सुभाष चंद्रांच्या एस्सेल ग्रुपने इथे पार्क काढलं. तेव्हा हा ग्रुप म्हणजे तांदळाची निर्यात आणि वाशिंदला टूथपेस्टच्या ट्यूब बनवायचा कारखाना, झी टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती, तो १९९२ चा. दिल्लीत प्रगती मैदानात अप्पू घर १९८४ लाच झालेलं, एशियाडच्या हत्तीच्या नावाने, पण पश्चिम भारतात एवढं मोठं काही नव्हतंच. इथे एका माणसाने खाडीपलीकडे पैसे ओतले. मला विचाराल तर धाडसच होतं ते, आज कोणी करणार नाही. आणि करायचं म्हटलं तरी जमणार नाही, कारण १९९१ मध्ये सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगत काय बांधता येईल याचे, नियम आले आणि २००५ मध्ये हायकोर्टाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली.

तर ट्रामवाल्यांनी प्रवाशांसाठी पार्क काढलं आणि इथे पार्कवाल्याला प्रवाशांसाठी लाँच चालवायला लागली. हा फरक पहिल्या दिवसापासूनचा आहे, आणि पुढे सगळं इथूनच येतं.

मी गेलो १९९६ ला, सहावीत, डोंबिवलीहून शाळेच्या बसने. पहाटे पाचला शाळेच्या गेटवर, आईने केलेली बटाट्याची कोरडी भाजी आणि पोळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पेरू, शर्टला सेफ्टी पिनने लावलेला नाव-इयत्तेचा कागद. पाटीलबाई प्रत्येक दीड तासाने मुलं मोजायच्या, बसमध्ये, जेट्टीवर, लाँचमध्ये, उतरल्यावर परत. आम्ही निम्म्या पोरांनी होडीत पाय ठेवायचा तो पहिल्यांदा. लाँचचा डिझेलचा वास, खाडीचा चिखलाचा वास, आणि पाणी हाताला लागेल एवढं जवळ. खोटं सांगत नाही, त्या दिवसातलं मला सगळ्यात लख्ख काय आठवतं तर ती लाँच. राईड दुसऱ्या नंबरवर. झिपर डिपर नावाचा छोटा कोस्टर, त्यात आमचा एक मित्र डोळे मिटून पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होता. थंडर बघूनच पोटात गोळा आला म्हणून खालीच उभा राहिलो आणि मित्रांच्या चपला सांभाळल्या. भूतबंगल्यातल्या भुतांना एका पोराने उलट भ्यॅ केलं. आईस स्केटिंगचा रिंक बाहेरून बघितला, बर्फ, खरा बर्फ, मुंबईत!

एक मोजून बघा. साडेदहाला आत गेलो असू, बाई म्हणाल्या साडेचारला गेटपाशी. सहा तास. त्यातला एक जेवणात. माझ्या एकूण राईड झाल्या सात. एका राईडची फेरी असते दोन-तीन मिनिटांची. म्हणजे घरापासून घरापर्यंत पंधरा तासांच्या दिवसात मी प्रत्यक्ष मजेत होतो वीस मिनिटं, बाकी लाईनमध्ये. सहावीतल्या पोराला याचं काही वाटत नाही, लाईनमध्येही मस्ती चालूच असते. पण तोच पोरगा तीस वर्षांचा होऊन बायको-पोराला घेऊन आला की तो घड्याळ बघतो.

लाईन लागते ती काही कोणाच्या हलगर्जीपणामुळे नाही, यंत्राचं गणितच तसं आहे. समजा कोस्टरच्या गाडीत १६ जण बसतात. माणसं बसवणं, सीटवर धरून ठेवणारा बार लावणं, प्रत्येकाचा बार हाताने ओढून बघणं, फेरी, उतरवणं, सगळं मिळून धरा ४ मिनिटं. तासाला १५ फेऱ्या, म्हणजे २४० माणसं. आठ तास न थांबता चालवली तरी १,९२०. आता पिकनिकच्या सीझनला एखाद्या शनिवारी ६,००० पोरं आली तर तीनातल्या दोघांना ती राईड मिळणारच नाही, कितीही शिट्ट्या मारा. आणि सोमवारी तीच राईड पाच जणांना घेऊन फिरते, वीज तेवढीच, ऑपरेटर तेवढेच.

उलट लाटांचा पूल घ्या. एका वेळेला पाचशे माणसं पाण्यात. लाईन नाही. भोंगा वाजला, लाटा सुरू, सगळे एकदम ओरडतात, लाटा थांबल्या, कोणी बाहेर जात नाही, तिथेच डुंबत पुढच्या भोंग्याची वाट बघतात. ही वाट बघणं पण मजेतच धरलं जातं! रेन डान्सचंही तेच, वरून पाणी आणि स्पीकर, बस. स्लाईडला लाईन असते, मान्य, पण लाईनला कंटाळलेला माणूस पाण्यात जाऊन बसतो. कोरड्या पार्कात लाईनला कंटाळलेला माणूस बाकावर जाऊन बसतो आणि म्हणतो चला आता, शेवटची लाँच कितीची आहे. ती जाहिरात आठवते ना, पोरगं म्हणतं मी इथेच राहणार, घरी जाणार नाही. प्रत्यक्षात चार वाजल्यापासून आईबापांच्या डोक्यात घरी कसं जायचं हेच.

आता यंत्राच्या आतली बाजू. माझा एक मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, डिप्लोमा मेकॅनिकल करून काही वर्षं एका पार्कात मेंटेनन्सला होता (कुठल्या ते जाऊ दे, हे नाही). तो सांगतो, लोकांना वाटतं सकाळी बटण दाबलं की राईड सुरू. पहाटे पाच-सहाला टॉर्च घेऊन ट्रॅकच्या कडेने चालत जायचं, नट-बोल्टांवर रंगाची रेघ मारलेली असते, ती रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झालाय. चाकं हाताने फिरवायची, त्यावरचं पॉलियुरेथेनचं आवरण कुठे सोललंय का बघायचं. साखळीला ग्रीस, ब्रेकच्या हवेचं प्रेशर, बार लॉक होतोय का, प्रत्येक सीटचा, एकेक. मग रिकामी फेरी. मग वाळूची पोती बसवून फेरी. मग रजिस्टरमध्ये सही. वर्षातून एकदा गाडी पूर्ण सोडवायची आणि वेल्डिंगच्या जागी तो लाल डाय लावून भेगा शोधायच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. दादाचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलंय, "अरे भेग सापडली की आनंद व्हायचा आम्हाला, नाही सापडली की रात्री झोप नाही."

आणि पार्ट. राईड इटलीची, जर्मनीची, हॉलंडची. एखादं बेअरिंग इथे मिळतं, पण कंट्रोल पॅनेलचं कार्ड, विशिष्ट मापाची चाकं, बाराची लॉकिंग असेंब्ली ही तिकडूनच. बनवणारी कंपनी दरम्यान बंद पडली किंवा विकली गेली की संपलंच. मग जुगाड करायचा मोह होतो आणि या धंद्यात जुगाड म्हणजे जीवाशी खेळ, म्हणून शहाणा माणूस राईड बंद ठेवतो. त्यात खाडीची खारी हवा. कोकणात ज्याचं घर आहे त्याला सांगायला नको की लोखंडी गेटचं चार पावसाळ्यांत काय होतं. मग खाडीच्या तोंडावर शेकडो टन लोखंड उभं करून ते दर वर्षी खरवडायचं, रंगवायचं, बोल्ट बदलायचे, याचा खर्च गिऱ्हाईकाला दिसतच नाही. गिऱ्हाईकाला दिसतं काय, तर तीच जुनी राईड.

वॉटर पार्कात काय असतं? फायबरची घसरगुंडी, तिला गंज नाही. पंप, ते कोल्हापूरचा मेकॅनिकपण दुरुस्त करतो. फिल्टर, क्लोरीन, टाईल्स. खर्च नाही असं नाही, पाणी स्वच्छ ठेवणं हे रोजचं किचकट काम आहे, शिवाय लाईफगार्ड लागतात ते चांगले लागतात. पण खर्च कळण्यासारखा आहे आणि माल इथे मिळतो. रंग उडाला तर जेलकोट (वरचा चकचकीत थर) मारला की घसरगुंडी नवीन दिसते, नाव बदललं की नवीन राईड झाली म्हणा ना. कोस्टर नवीन करायचा तर परत कोट्यवधी रुपये आणि कस्टम ड्युटी.

त्यात कमाईची आणखी एक गंमत. वॉटर पार्कला गेलेला माणूस आत गेल्या गेल्या पैसे काढतो. नायलॉनचाच कपडा लागतो, सुती चालत नाही (धागे निघतात, फिल्टर चोक होतो, हे कारण खरं आहे, उगाच नाही). निम्म्या लोकांकडे नसतो, मग भाड्याने. मग लॉकर. मग टॉवेल विसरलेला. दोन तास पाण्यात काढले की जी भूक लागते ती तुम्हाला माहितीये, त्या भुकेपुढे वडापाव, मिसळ, पावभाजी कितीला आहे ते कोणी बघत नाही. पिकनिकच्या पोराच्या खिशात मात्र आईने दिलेले वीस रुपये आणि पिशवीत डबा. शाळेला गटाचा डिस्काउंट वेगळा. म्हणजे माणसं मोजली तर हाऊसफुल्ल आणि गल्ला बघितला तर ठीकठाक.

मुंबईची हवा धरा. एप्रिल-मे मध्ये दुपारी एक वाजता कोण शहाणा लोखंडी सीटवर जाऊन बसेल? त्याच वेळेला पाणी मात्र चैन नाही, गरज वाटते. दर उन्हाळ्याला परत वाटते, मागच्या वर्षी गेलो होतो म्हणून यंदा नको असं पाण्याबाबत कोणी म्हणतच नाही. हाच तो फरक. कोस्टर ही "एकदा केलं" यादीतली गोष्ट झाली, पाणी ही सवय. कोरड्या पार्कचा भरवसा म्हणून हिवाळ्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या पिकनिकवर, आणि पिकनिक म्हणजे दर वर्षी नवीन सहावी, नवीन सातवी. जत्रेचा पाळणा नवीन माणसांसाठी गावं बदलतो, एस्सेलवर्ल्डला शाळा दर वर्षी नवीन गाव आणून द्यायच्या. म्हणून तीस वर्षं तोच पाळणा चालला. माझ्या मते एस्सेलवर्ल्ड हे शेवटपर्यंत न हलणारी जत्राच राहिलं, आणि १९९८ ला बाजूला वॉटर किंगडम काढलं तेव्हा मालकांनाही हे कुठेतरी कळलेलं असणार.

बाकीची कारणं खोटी आहेत असं नाही म्हणत मी, ती आपापल्या जागी आहेत. टॅक्सचंच बघा, २०१५ च्या जूनपासून पार्कच्या तिकिटावर सर्व्हिस टॅक्स लागला, १४ टक्के. २०१७ ला जीएसटी आला तो थेट २८ टक्के, म्हणजे पार्क आणि कसिनो एकाच वर्गात! ओरड झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आणला. पण हे सगळं दोन्ही पार्कना सारखंच. २०१३ ला खोपोलीजवळ इमॅजिका आलं, एक्स्प्रेसवेच्या बाजूला, गाडी थेट दारात, मुंबई आणि पुणे दोन्हीकडची गर्दी, नायट्रोसारखा भारतात तोवर न बघितलेला कोस्टर. त्याने एस्सेलवर्ल्डला म्हातारं करून टाकलं हे खरं. शाळाही तिकडे वळल्या, माझी भाची पिकनिकला इमॅजिकालाच गेली. मग २०१९ च्या जानेवारीत एस्सेल ग्रुपच्या कर्जाचं प्रकरण बाहेर आलं, झीचा शेअर एका दिवसात पाव हिस्सा पडला, सुभाष चंद्रांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. अशा वेळी घरातल्या सगळ्यात जुन्या गाडीला नवीन इंजिन कोण टाकेल.

"जमिनीसाठी बंद केलं, आता टॉवर होणार" ही थिअरी पण खूप फिरली. मला ती पटत नाही, निदान पूर्ण नाही. जमिनीसाठीच असतं तर बाजूचं पार्क का ठेवलं? शिवाय तिथे काय बांधता येतं याला मर्यादा आहेत. याच पट्ट्यात २००० च्या दशकात एस्सेलच्याच कंपनीचा पर्यटन सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्राचा) बेत होता, गोराई-मनोरी-उत्तनच्या लोकांनी असा काही विरोध केला की तो कागदावरच राहिला. जमिनीने खरंच मारलेलं पार्क बघायचं तर दिल्लीचं अप्पू घर, ते २००८ ला बंद झालं कारण सरकारी जागा होती आणि ती सुप्रीम कोर्टाच्या विस्ताराला आणि मेट्रोला हवी होती. गर्दी होती, तरी गेलं. गोराईत तसं नाही झालं.

मग मार्च २०२०, कोविडचं लॉकडाऊन. दोन उन्हाळे गेले, दोन पिकनिकचे सीझन गेले. आता दादाचं सगळं सांगणं आठवा आणि विचार करा, दोन पावसाळे खाडीच्या हवेत बंद उभं असलेलं यंत्र. रोज फिरणारी साखळी फिरली नाही, बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं, केबलमध्ये ओल. असं कुठलंही यंत्र परत सुरू करायचं म्हणजे सोडवून, तपासून, पार्ट मागवून, सर्टिफिकेट घेऊन. तेही प्रत्येक राईडचं वेगवेगळं. आणि करायचं कोणासाठी, तर त्या पिकनिकसाठी ज्या सुरू होतील की नाही हेच माहीत नव्हतं. घसरगुंडी दोन वर्षं उभी राहिली तर तिच्यावर शेवाळ येतं. शेवाळ घासता येतं.

वाईट कोणाचं वाटतं तर तिथे कामाला असलेल्या लोकांचं, बेटावरच्या गावांतल्या कितीतरी घरांत तिथला पगार येत होता. पार्क बंद होतं म्हणजे आपल्यासाठी आठवण बंद होते, त्यांच्यासाठी चूल.

हे असंच व्हायला पाहिजे होतं का? नाही. कोलकात्याचं निक्को पार्क १९९१ चं, सरकारबरोबर भागीदारीत, ते अजून चालतंय, पण ते सॉल्ट लेकमध्ये आहे, शहराच्या अंगणात, बसने उतरा आणि आत जा. कोचीचं वीगालँड २००० चं, आता वंडरला म्हणतात, व्ही-गार्डवाल्यांचं. त्यांनी पहिल्यापासून एक शहाणपणा केला, राईड आणि पाणी एकाच तिकिटात एकत्र ठेवलं, आणि बऱ्याच राईड स्वतःच्याच कारखान्यात बनवल्या. म्हणजे पार्टसाठी जर्मनीला फोन नाही. पुढे बंगळुरू, हैदराबाद, शेअर बाजार. आमच्याकडे दोन पार्क, दोन गेट. एका दिवसात दोन्ही करता येत नाहीत, मग घरात मत घ्यायचं आणि पोरं काय म्हणणार, पाणी. एकाच मालकाच्या दोन दुकानांत स्पर्धा, आणि त्यात जुनं दुकान हरलं.

यातलं सगळ्यात बोलकं पात्र तर अजून आलंच नाही. ज्या २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं त्याच वर्षी कर्जात रुतलेलं इमॅजिका विकत घेतलं कोणी, तर संगमनेरच्या मालपाणींनी. हो तेच, गाय छाप जर्दावाले. आपल्या मुंबईकरांना हसू आलं होतं तेव्हा, पण या मंडळींचा पार्कातला अनुभव काय होता तर लोणावळा आणि शिर्डीची वॉटर पार्कं, आणि शिर्डीतच साईतीर्थ हे भक्तीचं थीम पार्क. म्हणजे दर्शनाला आलेली गर्दी आधीच दारात, तिला फक्त आत वळवायची. परत तेच, ट्रामवाल्यांचं गणित, माणूस तिथे कुठल्यातरी दुसऱ्या कारणाने येतोच आहे. कोरड्या राईडवाल्या मोठ्या पार्कला शेवटी वर काढलं ते पाण्यात पैसे कमावलेल्या लोकांनी.

मागच्या मे मध्ये बहीण, भाऊजी आणि भाचीला घेऊन गोराईला गेलो. लाँच भरलेली. अर्ध्या लोकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले होणार असलेले कपडे, उरलेले पांढऱ्या कपड्यांत, विपश्यना पॅगोडाला निघालेले, तो २००९ पासून आहे आणि त्याची जागा मूळ एस्सेलवाल्यांनीच दिलेली. एकच बोट, अर्धे ओरडायला चाललेले, अर्धे गप्प बसायला. भाचीने सोनेरी कळस दिसल्यावर विचारलं, "मामा, तू सहावीत आलेलास तेव्हा हा होता?" म्हटलं नाही गं. "मग काय होतं?" मी सांगायला लागलो, झिपर डिपर, थंडर, बर्फाचा रिंक, तेवढ्यात तिने खाडीच्या पाण्यात हात घातला आणि बहीण ओरडली, हात आत घे. पाटीलबाई अगदी असंच ओरडल्या होत्या.